इटलीत शाळेतला कॅथलिक धर्माचा तास: घ्यायचा का? आणि नाही घेतला तर पोर कुठे बसणार?

सांजवात
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज कामासाठी धागा काढतेय. मुलगी सप्टेंबरपासून इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत पहिलीला जाईल. जानेवारीत ऑनलाइन अर्ज भरायला बसले, नाव, पत्ता, लसी सगळं झालं आणि मग एक चौकट आली, कॅथलिक धर्माचा तास घेणार की नाही. हो किंवा नाही, मधलं काही नाही. आम्ही ख्रिश्चन नाही. नवऱ्याचं म्हणणं कर की हो, दोन तासांनी काय बिघडतंय, सगळी मुलं बसतात तिथे आपलीही बसेल. मला ते पटत नाहीये पण नाही म्हटलं तर सहा वर्षांच्या पोरीला वर्गातून उठवून नेणार कुठे हे कोणी नीट सांगत नाही. ऑफिसात विचारलं तर "होईल व्यवस्था" एवढंच उत्तर. जवळच नन्सची एक शाळा पण आहे, फी भरून. तिथे काय वेगळं असतं? ज्यांची मुलं या चक्रातून गेलीत त्यांनी प्लीज लिहा.

नुसतीच_वाचक
वाचतेय. आमचंही पुढच्या वर्षी हेच आहे.

उंबरठा
सांजवात, माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळांत शिकली त्यामुळे जरा लांबण लावतो, सहन करा.

ही चौकट समजायची तर 1929 पासून सुरुवात करावी लागते. मुसोलिनीच्या सरकारने चर्चशी लॅटरन करार केला, त्यात कॅथलिक धर्मशिक्षण हे सार्वजनिक शिक्षणाचा पाया आणि कळस आहे असं चक्क लिहून ठेवलं होतं. सगळ्यांना तास होता, नको असेल तर आईबापांनी अर्ज करून सूट मागायची. म्हणजे तुम्ही अपवाद, तुम्ही कारण सांगायचं. 1984 च्या फेब्रुवारीत क्राक्सी पंतप्रधान असताना करार बदलला, कॅथलिक हा राज्याचा एकमेव धर्म ही भानगड संपली, आणि शाळेतला तास राहिला पण निवडीवर आला. आता सूट मागायची नसते, प्रत्येकाने हो किंवा नाही सांगायचं असतं आणि त्यावरून भेदभाव करता येत नाही असं करारातच आहे. तुम्हाला दिसलेली चौकट म्हणजे त्याच करारातलं नववं कलम.

प्राथमिकला आठवड्याला दोन तास, पुढे मिडल आणि हायस्कूलला एक. मार्क आकड्यात मिळत नाहीत, प्रगतिपुस्तकासोबत वेगळ्या कागदावर शेरा येतो. एकदा निवडलं की पुढच्या वर्षी तेच चालू राहतं, पण दरवर्षी प्रवेशाच्या मुदतीत बदलता येतं. हायस्कूलला गेली की सही तिची स्वतःची, तुमची नाही. त्यामुळे आत्ता जन्माचा निर्णय घेतोय असं समजू नका.

तिरपागडा
आणि या तासाच्या मास्तरांचा पगार कोण देतं तेही सांगा की उंबरठासाहेब.

उंबरठा
सांगतो की, लपवायचंय काय. पगार सरकार देतं, पण शिकवायची मान्यता त्या भागातल्या बिशपकडून लागते आणि ती बिशप काढूनही घेऊ शकतो. 2003 च्या कायद्याने या शिक्षकांना कायम नोकरीचा रस्ता खुला केला, सत्तर टक्के जागा कायम. 2004 ला स्पर्धा परीक्षा झाली आणि पुढची थेट 2024 ला. वीस वर्षं लोक दरसाल करारावर काढत होते. तेव्हा त्या मास्तरांना लाडावलंय वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

तिरपागडा
लाडावलंय असं मी म्हटलंच नाही, उलट. माझा मुद्दा असा की गणिताच्या बाईंनी घटस्फोट घेतला तर शाळेला घेणंदेणं नसतं, या बाईंच्या बाबतीत मात्र बिशपला असू शकतं, आणि दोघींचा पगार एकाच तिजोरीतून. स्पेनमधली ती केस आठवा. लग्न केलेले फादर सरकारी शाळेत धर्म शिकवत होते, पेपरात त्यांचा बायकापोरांसकट फोटो आला, फादरांना ब्रह्मचर्य ऐच्छिक असावं म्हणणाऱ्या चळवळीतले म्हणून, आणि बिशपने पुढच्या वर्षाला संमती दिली नाही, करार संपला. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठाने 2014 ला काय म्हटलं, हक्कभंग झालेला नाही. नऊ विरुद्ध आठ! एका मताने. आठ न्यायाधीशांनाही ते खटकलं होतं.

दर्यावर्दी
मी कॅथलिक, त्यामुळे माझंही थोडं ऐकून घ्या. चर्चच्या कायद्यात, 1983 च्या कॅनन 805 मध्ये, धर्म शिकवणाऱ्याला नेमायचा, मान्यता द्यायचा आणि काढायचा अधिकार स्थानिक बिशपला दिलाय. कॅथलिक धर्म म्हणून काय शिकवतात हे चर्चने नाही ठरवायचं तर कोणी, शिक्षणमंत्र्याने? तेही तुम्हाला चालणार नाही.

पण सांजवातताईंना उपयोगी पडेल अशी गोष्ट वेगळीच आहे. शाळेतला तास म्हणजे कॅटेकिझम, चर्चची श्रद्धाशिकवण, नाही. पहिला ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन), दृढीकरण (कन्फर्मेशन) यांची तयारी धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, होते, तिथले फादर, सिस्टर, स्वयंसेवक करून घेतात, इटलीत शाळेत होत नाही. 2009 मध्ये व्हॅटिकनच्या शिक्षणखात्याने जगभरच्या बिशप परिषदांना पत्र पाठवलं त्यात हेच स्पष्ट केलंय की कॅटेकिझम श्रद्धा वाढवण्यासाठी असतं आणि शाळेतला विषय ख्रिस्ती धर्म म्हणजे काय याची माहिती देण्यासाठी, दोन्ही एकमेकांना पूरक पण एक नव्हेत. म्हणजे तुमच्या मुलीला कोणी प्रार्थना पाठ करायला लावून बाप्तिस्म्याच्या वाटेला लावणार नाही. पुस्तकात बायबलच्या गोष्टी, नाताळ, ईस्टर, संत फ्रान्सिस, आणि थोडे दुसरे धर्म असं असतं.

तिरपागडा
माहितीच द्यायचीय तर बिशपची मान्यता कशाला? इतिहासाच्या मास्तराला ज्युलियस सीझरची मान्यता लागत नाही.

दर्यावर्दी
हा हा, चांगला होता. पण सीझर आता हयात नाही, चर्च आहे.

खडूफळा
शाळेत शिकवण्यात उमर गेली म्हणून लिहिते. माझं मत घ्या तास. त्या देशात राहायचंय, पोरगी उद्या संग्रहालयात जाईल, जोत्तोची, काराव्हाज्जोची चित्रं बघेल, लाझरस कोण आणि देवदूत कुमारिकेला काय सांगतोय हे माहीत नसेल तर तिला नुसते रंग दिसतील. करारातही कारण असंच दिलंय ना, की कॅथलिक धर्माची तत्त्वं इटालियन लोकांच्या ऐतिहासिक वारशाचा भाग आहेत. श्रद्धा नसली तरी माहिती असावी. मुलं एवढी लेचीपेची नसतात हो.

झुळूक
खडूफळाताई आदर राखून असहमत. माहिती असावी हे मान्य पण माहिती कुठे संपते आणि घडवणं कुठे सुरू होतं हे वर्गात बसल्यावर कळतं, कागदावर नाही. आम्ही आयर्लंडमध्ये आहोत. इथे गंमत अशी की सरकारी शाळा आणि धार्मिक शाळा असे दोन वेगळे डबेच नाहीत, प्राथमिक शाळांना पैसा सरकारचा आणि पालकत्व, म्हणजे शाळेवरचा ताबा, चर्चचं, जवळपास नव्वद टक्के शाळा कॅथलिक पालकत्वाखाली. रोज जवळपास अर्धा तास धर्म. आणि इटलीत धर्मग्रामात होतं ते इथे शाळेत होतं! दुसरीच्या वर्गात फर्स्ट होली कम्युनियनची तयारी, सहावीला कन्फर्मेशनची. वसंत आला की दुसरीचा वर्ग दुसरं काही करतच नाही असं वाटायला लागतं, गाणी बसवणं, चर्चमध्ये जाऊन रंगीत तालीम, कोण कुठे उभं राहणार. मुलगा मागच्या बाकावर बसून चित्रं रंगवायचा. राज्यघटनेत 44 व्या कलमात स्पष्ट आहे की सरकारी पैसा घेणाऱ्या शाळेत धर्माच्या तासाला न बसता शिकायचा हक्क मुलाला आहे. हक्क आहे, खोली नाही. शिक्षिका एकच, ती वर्गाला शिकवणार की माझ्या मुलाला घेऊन दुसरीकडे बसणार? त्यामुळे तो तिथेच, त्याच खोलीत, सगळं ऐकत. गाणी सगळी पाठ. घरी मोठ्याने म्हणायचा आणि मग एकदम गप्प व्हायचा, आपण म्हणायची नाहीत ना म्हणून. मला ते गप्प होणं जास्त लागलं, गाणी नाही.

2016 पर्यंत तर एक जुना नियम होता, अडुसष्टावा, की शाळेच्या सगळ्या कामातच धार्मिक भावना भिनलेली असावी. तो रद्द झाला. 2018 च्या कायद्याने कॅथलिक प्राथमिक शाळांना प्रवेशात बाप्तिस्म्याला प्राधान्य द्यायलाही बंदी आली. तोपर्यंत जागा कमी असल्या की बाप्तिस्मा नसलेलं मूल यादीत खाली ढकलता यायचं, फक्त प्रवेशासाठी मुलांना बाप्तिस्मा दिलेले पालक इथे चिक्कार भेटतील. आता दार उघडं आहे, आतली मांडणी मात्र बरीचशी तीच.

नुसतीच_वाचक
झुळूक, ते गप्प होणं वाचून पोटात तुटलं.

कानमंत्र
जर्मनीहून. आमच्याकडे धर्म हा घटनेच्या सातव्या कलमाने सरकारी शाळेतला रीतसर विषय आहे, मार्क आकड्यात आणि वरच्या वर्गात जाताना धरले जातात. कॅथलिक मुलं एका खोलीत, प्रोटेस्टंट दुसऱ्या, उरलेल्यांना बहुतेक राज्यांत एथिक्स किंवा तत्सम काही. वेळापत्रकात तिन्ही एकाच वेळी असल्याने कोणी एकटं पडत नाही, सगळेच पांगतात. हे मला सगळ्यात बरं वाटलं. चौदा पूर्ण झाली की मुलाने स्वतः ठरवायचं, 1921 चा कायदा आहे, बहुतेक ठिकाणी तोच चालतो. बर्लिनचं तंत्र निराळं, तिथे 2006 पासून एथिक्स सक्तीचं आणि धर्म वरून ऐच्छिक, धर्म आणि एथिक्स बरोबरीचे पर्याय करा म्हणून 2009 ला सार्वमत झालं ते पडलं. आणि लोअर सॅक्सनी राज्यात तर 2025 पासून कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही चर्चनी मिळून एकच 'ख्रिश्चन धर्म' विषय सुरू केलाय, पोरंच कमी पडायला लागली तर काय करतात.

तिरपागडा
पोरं कमी झाली की पाचशे वर्षांचं भांडण मिटतं. नोंद घेतली.

पोटभाडेकरू
पोलंडमध्ये सात वर्षं काढली. सांजवात यांनी जो प्रश्न विचारलाय, पोर कुठे बसणार, त्याच प्रश्नावर पोलंड स्ट्रासबर्गला हरलंय म्हणून जरा सविस्तर.

कम्युनिस्ट राजवट गेल्यावर 1990 ला धर्माचा तास शाळेत परत आला. नियम असा की पालकांनी मागितला तर धर्म, मागितलं तर एथिक्स, किंवा काहीच नाही. प्रगतिपुस्तकात एकच ओळ, 'धर्म/एथिक्स', समोर मार्क. आता एक कुटुंब होतं, आईवडील अज्ञेयवादी, मुलगा 1998 ला शाळेत गेला. त्यांनी धर्म नको सांगितलं, एथिक्स मागितलं. एथिक्सला पुरेशी मुलं नाहीत म्हणून वर्ग निघाला नाही, पुन्हा मागितलं, पुन्हा तेच. धर्माचा तास दिवसाच्या मध्येच असायचा. पोरगा कधी व्हरांड्यात, कोणाचं लक्ष नसताना, कधी लायब्ररीत, कधी शाळेच्या क्लबरूममध्ये. इतर मुलं चिडवायची, त्रास द्यायची असं आईवडिलांचं म्हणणं, शाळाही बदलली. आणि दर वर्षी प्रगतिपुस्तकात त्या ओळीपुढे मार्काच्या जागी एक आडवी रेघ.

केस त्या रेघेवर जिंकली. ग्झेलाक विरुद्ध पोलंड, जून 2010. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की ज्या देशात जवळजवळ सगळीच मुलं त्या तासाला बसतात तिथे ती रेघ बघून कोणालाही कळतं की हा मुलगा कॅथलिक नाही, म्हणजे आपली श्रद्धा काय किंवा श्रद्धा नाही हे उघड करायला त्याला न बोलता भाग पाडलं. मला यातलं शहाणपण आवडतं. सक्ती झाली का, जबरदस्तीने प्रार्थना म्हणायला लावली का, असले मोठे प्रश्न बाजूला ठेवून कोर्टाने प्रगतिपुस्तक हातात घेतलं आणि तिथे काय लिहिलंय ते बघितलं.

आता 2024 पासून धर्माचे मार्क सरासरीत धरत नाहीत आणि सप्टेंबर 2025 पासून आठवड्याला दोनऐवजी एकच तास, तोही शाळेच्या इतर तासांच्या आधी किंवा नंतर, मधे नाही. चर्चने कडाडून विरोध केला. पण बघा, तास सुरुवातीला किंवा शेवटी टाकला की व्हरांड्यातला प्रश्नच संपतो, ज्याला नको तो उशिरा येतो किंवा लवकर घरी जातो. किती साधी गोष्ट आणि पस्तीस वर्षं लागली.

उंबरठा
पोटभाडेकरू, जबरी. इटलीतही लढाई याच खोलीवरून झाली. करार बदलल्यावर सरकार म्हणायला लागलं की धर्म नको तर पर्यायी विषय घ्याच. घटना न्यायालयाने 1989 ला निकाल दिला (क्रमांक 203) की नाही म्हणणाऱ्यावर दुसरं कसलंही बंधन लादता येणार नाही. 1991 ला पुढे जाऊन म्हटलं की तो त्या तासाला शाळेबाहेरही जाऊ शकतो. त्यामुळे आता पर्याय असे, शिक्षकासोबत पर्यायी उपक्रम, शिक्षकाच्या नजरेखाली स्वतःचा अभ्यास, हायस्कूलला असाल तर नजरेविना पण, किंवा शाळेतून बाहेर. सहा वर्षांच्या मुलीला बाहेर म्हणजे तुम्ही न्यायला यायचं, तास मध्यावर असेल तर ते काही खरं नाही. हा पर्याय कुठला ते आत्ता नाही विचारत, मे अखेर ते जून वेगळ्या फॉर्मवर भरतात.

महत्त्वाचं आता. शाळा "आमच्याकडे शिक्षक नाही" म्हणाली तर ऐकून घेऊ नका. 2010 च्या निकालात इथल्या राज्य परिषदेने, म्हणजे सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, सांगितलंय की पर्यायी उपक्रम मुलासाठी ऐच्छिक आहे पण मागितला तर देणं शाळेसाठी ऐच्छिक नाही.

सांजवात
उंबरठा, हे सोनं आहे माझ्यासाठी, ऑफिसातल्या बाईंनी यातलं एक अक्षर सांगितलं नाही. आणि नन्सच्या शाळेचं?

दर्यावर्दी
तिकडे गणित वेगळं. 2000 सालच्या 62 नंबरच्या कायद्याने त्या शाळा सरकारी व्यवस्थेचा भाग मानल्या जातात, सर्टिफिकेट सारखंच. बदल्यात त्यांनी शाळेचं धोरण मान्य करणाऱ्या कोणालाही प्रवेश द्यायचा, धर्म बघून नाकारायचं नाही. पण धोरण मान्य केलं म्हणजे कॅथलिक वातावरण मान्य केलं, तिथे धर्माचा तास अभ्यासक्रमातच असतो आणि बहुतेक शाळा तो सोडायला देत नाहीत. ज्या जादा गोष्टींना श्रद्धा लागते, अभ्यासक्रमाबाहेरच्या, त्या मात्र सक्तीच्या करता येत नाहीत असं कायद्यातच आहे. सगळीकडे असंच असतं असं नाही, इंग्लंडमध्ये सरकारी मदतीच्या कॅथलिक शाळेतूनही पालक मुलाला धर्माच्या तासातून काढू शकतात, जरी बिशप तिथे एकूण वेळेच्या दहा टक्के धर्मासाठी मागतात.

माझं सरळ मत, नको असेल तर त्या शाळेत जाऊच नका. सिस्टर चांगल्या शिकवतात म्हणून घालायचं आणि मग क्रूस का लावलाय विचारायचं हा दुटप्पीपणा.

तिरपागडा
क्रूस तर सरकारी शाळेतही आहे भिंतीवर. तो काढा म्हणून एक आई स्ट्रासबर्गला गेली, लाउत्सी केस, 2009 ला ती जिंकली, 2011 ला मोठ्या पीठाने फिरवलं. पण बाकी दर्यावर्दींशी चक्क सहमत. आपल्या घटनेचं 28 वं कलम मला इथे फार सुटसुटीत वाटतं, पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण नाही, आणि मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत संमतीशिवाय बसवायचं नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती. म्हणजे आधी हो म्हणायचं, मग बसायचं.

खडूफळा
झुळूकचं वाचल्यापासून विचार करतेय. माझं मत अजून तेच आहे की माहिती असावी, पण मग जर्मनीसारखं वेळापत्रक हवं. एक मूल उठून बाहेर जातंय आणि चोवीस बघतायत हे कुठल्याही विषयात वाईटच.

रच्याकने, फ्रान्सचं कोणी लिहिलं नाही. तिथे 1882 च्या कायद्यापासून सरकारी शाळेत धर्म नाही, पण आठवड्यात रविवारशिवाय आणखी एक दिवस मोकळा ठेवायचा की ज्यांना हवंय त्यांनी शाळेबाहेर धर्म शिकवावा. फक्त आल्सास आणि मोसेलमध्ये अजून तास आहे, कारण चर्चला राज्यापासून वेगळं केलं तेव्हा, 1905 ला, ते भाग जर्मनीकडे होते.

सांजवात
अपडेट. 'नाही' वर टिक केलं. नवरा अजून कुरकुरतोय, त्याचं म्हणणं मीच तिला वेगळी पाडतेय, आणि खरं सांगायचं तर पूर्ण चूक नाही त्याचं, अजूनही इथे पाचातली चार मुलं तास घेतात. पण पोलंडची ती रेघ डोक्यातून जात नाहीये, आणि आयर्लंडचा मागचा बाकही. जूनच्या फॉर्मवर शिक्षकासोबत पर्यायी उपक्रम निवडेन. शाळेला ईमेल केलीय की तास कधी असतो आणि पर्यायाला कोण घेतं, उत्तर आलं "सप्टेंबरमध्ये ठरेल".

उंबरठा
ठरेल म्हणजे ऑक्टोबर उजाडेल, दरवर्षीचं आहे. दोन गोष्टी करा. आत्ताच्या आत्ता लेखी विनंती नोंदवून नंबर घ्या, तोंडी काही धरू नका. आणि पहिलीच्या सगळ्या तुकड्यांत मिळून 'नाही' वाली किती मुलं आहेत ते विचारा, नावं नाही, फक्त आकडा. चारपाच असली तर मुख्याध्यापकांना त्यांचा एक गट करून शिक्षक नेमणं सोपं जातं. एकटीच निघाली तर शेजारच्या तुकडीत नेऊन बसवतात, तिथे कदाचित गणित चालू असेल, आणि तिला तेच गणित परत दुसऱ्या दिवशी.

झुळूक
आणि रंगपेटी देऊ नका सोबत. पुस्तक द्या.